मुरंब्याची रीत

वामनरावांनी निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा नवस फेडायचं ठरवलं तेव्हा लेकीचा संशोधनाचा पेपर नुकता छापून आला होता. पाहुण्यांना बोलावणी गेली आणि तोच पेपर खोटा ठरायची वेळ आली. बोलावणं मागे घेणं वामनरावांच्या स्वभावात नाही, आणि बगीच्यातल्या म्हसोबाला दिलेला शब्द मागे घेणं तर नाहीच नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या रविवारी शेंदूरजनाघाटच्या बगीच्यात सकाळीच गोवऱ्या रचल्या गेल्या. एका अंगाला मृग बहाराची संत्री पिवळी होऊन लटकत होती, दुसऱ्या अंगाला आंबिया बहाराची फुलं दरवळत होती, आणि घरातला जो तो आपलं तोंड जमेल तेवढं हसरं ठेवून वावरत होता.

पार्बताबाईंना ते जमत नव्हतं. वांगी चिरता चिरता त्यांनी दोनदा बोट कापता कापता वाचवलं.

"काय व पार्बता," शेजारी लसूण सोलत बसलेल्या आशाबाई म्हणाल्या, "पेपर मायाच पोरीचा बुडून राहिला, अन् रडकं तोंड तुयं?"

"मायं तोंड असंच आहे, बाई."

"हे आपलं बरं आहे. लग्नात तं चांगलं होतं."

आशाबाई थोरली जाऊ, पार्बताबाई धाकटी. बत्तीस वर्षं एका चुलीवर काढून दोघींचं जेवढं जमायचं तेवढं जमलं होतं आणि जे जमायचं नव्हतं ते फळीवरच्या एका बरणीत जाऊन बसलं होतं. ती बरणी संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याची. सासूबाई केशरबाईंचा मुरंबा वरुडपर्यंत नावाजलेला. वर्ष झालं तरी फोड कडक राहायची, दाताखाली कुरकुर वाजायची. ती रीत केशरबाईंनी जाता जाता धाकटीला दिली. "मोठीजवळ घराच्या चाव्या हायेत," त्या म्हणाल्या होत्या, "तुयाजवळ हे राहू दे. सांगू नको." केशरबाईंना जाऊन सोळा वर्षं झाली. आशाबाईंनी सोळा वर्षं, दर मोसमात एकदा, वांगी चिरता चिरता किंवा पापड लाटता लाटता, सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. आजही विचारलं.

"यंदा तरी सांगशीन का मुरंब्याचं? माया फोडीचा दरवर्षी चिखल होते."

"सांगीन कधी तरी," पार्बताबाई म्हणाल्या आणि पुढचं वांगं उचललं.

पेपरचं प्रकरण असं होतं. आशाबाईंची हर्षा अमरावतीला प्रयोगशाळेत संशोधन करत होती. संत्र्याच्या सालीला आतून जो पांढरा थर असतो, त्यातलं पेक्टिन काढून तिने काचेसारखी पातळ पट्टी तयार केली होती. जखमेवर ठेवायची, ओल लागली तरी विरघळत नाही, आणि काढताना नवी कातडी ओढली जात नाही. घरात त्या पट्टीला सगळे पापड म्हणत. हर्षा आधी चिडायची, मग तीही पापडच म्हणू लागली. तीन वर्षं या पापडासाठी लागणारी साल सोलून, धुऊन, सावलीत वाळवून अमरावतीला पाठवायचं काम पार्बताबाईंकडे होतं. हर्षाने पहिल्याच दिवशी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'फक्त पाणी. दुसरं काही नाही.' तो कागद अजून कोठीच्या दारावर चिकटवलेला होता.

मग अकोल्याहून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजात याच विषयावर काम करणाऱ्या डॉ. संघपाल यांनी पेपर वाचून तशीच पट्टी करून पाहिली होती. एकदा नाही, तीनदा. तीनही वेळा ती पाण्यात विरघळली. त्यांनी मासिकाला तसं कळवलं, आणि मासिकाने हर्षाकडे महिनाअखेरपर्यंत खुलासा मागितला. हर्षाची डॉक्टरेट त्याच पट्टीवर उभी होती.

यावर घरात जे व्हायचं तेच झालं. वामनरावांचा बगीचा वरचा, सहदेवरावांचा खालचा. वामनराव म्हणाले, खालच्या बगीच्यात ठिबक सारखं चालू असते, झाडाले ताणच बसत नाही, साल पाणचट. सहदेवराव म्हणाले, वरच्या बगीच्यात पाणी तोडून इतका ताण देतात की झाडं बोलू लागतील. आशाबाई तोंडाने नवऱ्याच्या बाजूने बोलायच्या आणि वाटीत दही दिराला जास्त वाढायच्या. पण एका बाबतीत दोघा भावांचं एकमत होतं, की अकोल्याचा माणूस जळतो आहे.

आणि हर्षाने नेमकं त्याच माणसाला रोडग्यांचं जेवण सांगितलं होतं.

"रोडगा देईन मी त्याले," गोवऱ्या पेटवत सहदेवराव म्हणाले. "पाहुणा आहे. पन तूप देनार नाई."

"तुपाचं भांडं मायापाशी ठेवतो," वामनराव म्हणाले. दहा दिवसांत भावाभावांत झालेलं हे पहिलं सरळ बोलणं.

गाडी अकराच्या सुमाराला आली. हर्षा उतरली, मागून तिच्या मार्गदर्शक रागिणी मॅडम, आणि शेवटी एक उंच, सावळा, पन्नाशीचा माणूस. हातात स्टीलचा डबा, छातीशी धरलेला, जणू आतलं सांडेल. हेच ते संघपाल सर. पार्बताबाईंना वाटलं होतं, माणूस गोरापान आणि चष्म्यावरून बघणारा असेल. हा तर बाजारात पालेभाजी निवडून घेईल असा दिसत होता.

"नमस्कार," तो वाकून म्हणाला. "मी चुका काढायला आलो, असं तुमच्या कानावर आलं असेल."

कोणी नाही म्हटलं नाही. रागिणी मॅडम घाईघाईने फुलांच्या वासाचं कौतुक करू लागल्या.

हर्षा मात्र आल्या आल्या सरळ मुद्द्यावर आली. लहानपणापासून तिचं असंच होतं. औषध कडू असलं तर नाक न दाबता प्यायची. तिने खाटेवर दोन स्टीलचे पेले ठेवले, पाणी ओतलं, आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"घरच्या लोकाइले एकदा दिसू द्या, सर."

संघपाल सरांनी डबा उघडला. आत टिश्यू पेपरात त्यांच्या पट्ट्या होत्या. एक त्यांनी पहिल्या पेल्यात सोडली. हर्षाने आपली दुसऱ्या पेल्यात. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींतून पलीकडचं बोट दिसत होतं. पाच मिनिटं गेली. मग पहिल्या पेल्यातल्या पट्टीच्या कडा सुटल्या, ती मऊ झाली, लोंबली, आणि सरांनी चमच्याने हलवताच गढूळ पाणी उरलं. हर्षाची पट्टी तशीच ताठ.

"साल कोठून घेता तुम्ही?" वामनरावांनी पोलिसासारखं विचारलं.

"तुमच्याच गावची. मंडीतून. सोलून, ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन, ओव्हनमध्ये वाळवतो. पेपरात लिहिलंय तसंच, अक्षर न् अक्षर."

पार्बताबाई पेल्यात बघत राहिल्या. ते गढूळ पाणी, ती लोंबलेली साल त्यांनी आधी पाहिली होती, दर मोसमात, आशाबाईंच्या पातेल्यात. आशाबाईंच्या मुरंब्याचा चिखल अगदी असाच होत असे.

"मी ठरवलंय," हर्षा म्हणाली. "फरक का पडतो ते मलाच माहीत नाही. जे मला समजावून सांगता येत नाही, ते मी छापून ठेवू शकत नाही. उद्या मासिकाला लिहून पेपर मागे घेते."

"हर्षा, अजून पंधरा दिवस आहेत," रागिणी मॅडम म्हणाल्या.

"पंधरा दिवसांत मी काय वेगळं करणार, मॅडम? तीन वर्षं तेच करून राहिली ना मी."

"मी म्हनलो होतो," वामनराव भावाकडे वळले, "खालची साल मिसळू नका."

"तुमची वरची साल वाळून चामडं होते, दादा—"

"दोघंही चूप बसा," आशाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. त्यांना रडताना पार्बताबाईंनी बत्तीस वर्षांत तीनदा पाहिलं होतं, आणि त्यातलं एकदा कांद्यामुळे.

पार्बताबाई बाभळीच्या खोडाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि कळल्याचा त्यांना अजिबात आनंद झाला नव्हता. कारण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे, कोठीवर कागद चिकटवलेला असताना आपण तीन वर्षं पोरीचं ऐकलं नाही. आणि दुसरी, जी एकच चीज या घरात फक्त आपली होती, सासूने मरता मरता ओंजळीत दिलेली, ती सगळ्यांसमोर खाटेवर ओतायची. चाव्या मोठीजवळ, बगीचे पुरुषांजवळ, शिक्षण पोरीजवळ. आपल्याजवळ एक बरणी. त्यांना स्वतःची कीव आली, मग त्या किवेचाच राग आला. समोर हर्षा पेला विसळत होती, हळूहळू, काहीच घाई नसल्यासारखी. न्हाऊमाखू घातलेली, कडेवर वाढवलेली पोर. पार्बताबाईंना स्वतःचं मूल नव्हतं, आणि या पोरीमुळे ते त्यांना फारसं आठवायचंही नाही.

त्यांनी पदर खोचला आणि थेट थोरल्या दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांत त्या वामनरावांशी नजर वर करून बोलल्या नव्हत्या. काही हवं असलं तर 'त्याइले सांगा' असं हवेत बोलायच्या आणि हवा ते पोचवायची.

"भाऊजी, चुन्याची डबी द्या."

वामनराव इतके चपापले की त्यांनी काही न विचारता खिशातून तंबाखूची चंची काढली आणि डबी त्यांच्या हातावर ठेवली. सहदेवरावांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "पार्बता, तू तंबाखू कधीपासून?"

"तुमच्याशी लग्न झालं तेव्हाच सुरू कराले पाहिजे होता," त्या म्हणाल्या, आणि खाटेशी गेल्या. एका पेल्यात पाणी घेतलं. करंगळीच्या टोकावर चुना घेतला, पहिल्या पेरापर्यंत, आणि पाण्यात ढवळून सोडला. पाणी दुधासारखं झालं.

"हर्षे," त्या पेल्याकडेच बघत म्हणाल्या, "पहिल्या खेपेच्या साली काळ्या पडल्या होत्या, बुरशी धरली होती. आठोते?"

"हो."

"तू फोनवर रडली. दुसऱ्या खेपेले मी त्या निवळीत घातल्या. चुन्याच्या निवळीत. चुना खाली बसला की वरचं नितळ पानी. दिवेलागणीले घालाच्या, सकाळी काढून सात पान्यानं धुवाच्या. मग वाळवाच्या. काळ्या पडत नाई, मऊ पडत नाई. मुरंब्याले करतो तसंच." शेवटचं वाक्य त्यांनी आशाबाईंकडे न बघता म्हटलं. "तीन वर्षं तुले तशीच साल येऊन राहिली."

हर्षाचा चेहरा लाल झाला.

"काकू, मी तुले लिहून दिलं होतं. फक्त पाणी. तीन वर्षं मी जगाले सांगून राहिली की फक्त पाणी."

"हो."

"काहून नाही सांगितलं?"

उत्तर भलतीकडून आलं.

"काहून सांगीन ती?" आशाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, मांडीवरच्या लसणाच्या साली सगळीकडे उडाल्या. "तुले सांगितलं असतं तं मले समजलं असतं. अन् मले समजू नाई म्हनून बुढीनं तिच्याकून वचन घेतलं होतं. मले काय माहीत नाई का? दाराआड मीच उभी होती. ते सोड. काळी साल पाहून तू रडली तं हिनं तुयासाठी निवळी केली. आता तुया पापडासाठी हिनं वचन मोडलं. एवढं समजत नसन तं तुया शिक्षणाले काय करू मी?"

पार्बताबाईंनी जावेकडे पाहिलं. दाराआड होती, आणि सोळा वर्षं विचारत राहिली. रीतीसकट ऐकलं असतं तर विचारलं नसतं. म्हणजे वचन ऐकलं आणि रीत ऐकायच्या आधी निघून गेली. केवढी मोठी बाई आहे ही, त्यांना वाटलं.

इकडे संघपाल सर केव्हाच खाटेच्या काठावर बसले होते आणि चुन्याच्या पेल्याकडे लहान मुलासारखे टक लावून बघत होते.

"मॅडम," ते रागिणी मॅडमना म्हणाले, "कॅल्शियम." मॅडमनी कपाळावर हात मारला. मग सर घरच्यांकडे वळले आणि त्यांची कॉलेजातली भाषा एकदम गळून पडली. "पेक्टिनचे धागे सुटे असले तं पानी लागलं की पांगतात. चुन्यातलं कॅल्शियम त्या धाग्याइले एकमेकांत बांधते. काकूनं सालीतच बांधून पाठोले ना बाप्पा. अन् मी अकोल्यात तीन महिने डोकं आपटून राहिलो. मी तं त्या सालीले चोखंच पानी देऊन राहिलो होतो."

"तुमी कुठचे?" सहदेवरावांनी संशयाने विचारलं.

"मूर्तिजापूरचा."

"अरे, मंग आधी बोलाचं ना तसं."

निवळी बसायला वेळ लागतो, असं पार्बताबाईंनी सांगितलं, तेव्हा पंगत मांडली. निखाऱ्यातून रोडगे निघाले, राख झटकली गेली, वांग्याची भाजी आणि वरण आलं. सहदेवरावांनी वामनरावांकडून भांडं घेऊन सगळ्यांच्या रोडग्यावर तूप ओतलं आणि सरांच्या पानापाशी येऊन थांबले. सरांनी कोरड्या रोडग्याकडे पाहिलं.

"काका, रोडग्यावर तूप नाई म्हनजे काय ते समजते मले."

"पापड टिकू द्या," वामनराव पलीकडून म्हणाले. "मंग पाहू."

दुसरा रोडगा संपेपर्यंत पेल्यातलं पाणी वरून नितळ झालं. पार्बताबाईंनी वरचं वर ते दुसऱ्या पेल्यात घेतलं, थेंबभरही गाळ हलू न देता. रागिणी मॅडम उभ्या राहून बघत होत्या. "हे असं आमच्याकडे एकाही विद्यार्थ्याला जमत नाही," त्या म्हणाल्या. संघपाल सरांनी डब्यातली आपली एक पट्टी निवळीत सोडली. ताक पिऊन होईपर्यंत ठेवली. मग पार्बताबाईंनी ती सात पाण्यातून काढली आणि साध्या पाण्याच्या पेल्यात सोडली.

मॅडमनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं. सात. सगळे खाटेभोवती असे दाटले होते की कुत्रंसुद्धा मधे नाक खुपसून बघत होतं. दहा मिनिटं झाली. कडा सुटल्या नव्हत्या. हर्षाने दोन बोटांनी पट्टी अलगद उचलली, ओढली, आणि उन्हात धरली. पट्टी तुटली नाही. तिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं, फळासकट.

हर्षाने पट्टी सरांच्या हातात दिली आणि काकूच्या गळ्यात पडली. रडत होती आणि हसत होती, आणि मधेच म्हणत होती, "फक्त पाणी लिहिलं होतं मी, फक्त पाणी." पार्बताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या मनात काठोकाठ आनंद भरून आला.

"एवढ्यानं सिद्ध होत नाही हं," सर डोळे पुसत म्हणाले, आणि राखेचं निमित्त केलं. "काकू दोन्ही तऱ्हेच्या साली पाठवतील. तू अमरावतीत कर, मी अकोल्यात करतो, एकाच दिवशी. आकडे जुळले की पेपर मागे घ्यायचा नाही, दुरुस्ती छापायची. खरं कारण लिहून."

"दोघांच्या नावाने, सर. तुम्ही पत्र लिहिलं नसतं तर मला कळलंच नसतं."

सहदेवराव तुपाचं भांडं घेऊन आले आणि सरांच्या रोडग्यावर इतकं तूप ओतलं की रोडगा दिसेना.

मग रागिणी मॅडमनी वही काढली. "पार्बताबाई, चुना किती ग्रॅम?"

"करंगळीच्या पेराएवढा."

"तसं लिहिता येत नाही हो."

सरांनी खिशातून मोजपट्टी काढून पार्बताबाईंचं पेर मोजलं. दिवेलागण ते सकाळ म्हणजे किती तास, यावर वामनराव आणि सहदेवराव भांडले. सातवं पाणी झालं हे कसं ओळखायचं, असं विचारल्यावर पार्बताबाई म्हणाल्या, साल जिभेले लावून पाहाची, चुना लागला तं आठवं पानी. मॅडमनी तेही लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"दुरुस्तीत नाव तुमचं घालावं लागेल," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव सांगा."

"मायं कायले? रीत सासूबाईची होती. केशरबाईचं टाका."

"दोघींचं टाका," आशाबाई म्हणाल्या. "बुढीचं आधी. नाई तं वरून तिथंही भांडत बसन."

ऊन कलायला लागलं. मंडळी झाडांखाली पांगली. सर आणि वामनराव एकाच चंचीतून तंबाखू मळत होते. पार्बताबाई रिकामे पेले गोळा करत होत्या. त्यांना वाटलं होतं, बरणी रिकामी झाल्यासारखं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. हात हलके होते, एवढंच.

आशाबाई शेजारी येऊन बसल्या आणि निवळीचा उरलेला पेला उचलून आत बघू लागल्या. मग त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला, त्यातून कोठीची चावी काढली, आणि पार्बताबाईंच्या पदराच्या टोकाला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"साखर कोठीत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी तू काढ. मी साल सोलून ठेवते. आता तं अकोल्यालेही समजलं, मलेच तेवढं नीट दाखव."